एटीव्हीच्या चार स्ट्रोक इंजिनाची ताकद वाढवताना: मराठवाड्यातला उन्हाळा, फुफाटा आणि ई२० धरून

शेतात फवारणीची टाकी ओढायला, कृषी पर्यटन केंद्रात पाहुण्यांना माळरानावर फिरवायला किंवा बालाघाटाच्या मुरमाड चढांवर न्यायला आपल्याकडे ज्या एटीव्ही (कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या, रुंद टायरच्या चारचाकी) दिसतात, त्यांत १५० ते २५० सीसीची, हवेवर थंड होणारी, कार्बोरेटरची इंजिनं भरपूर आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. हिशेबाला म्हणून ६३.५ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ६२.२ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनच्या धावेचं) १९७ सीसीचं पुशरॉड इंजिन, म्हणजे दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं इंजिन, धरलं आहे. तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील. फ्युएल इंजेक्शन आणि रेडिएटर असलेल्या ५०० सीसीच्या पुढच्या गाड्यांना यातला बराच भाग लागू पडत नाही, कारण तिथे ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं) मॅपिंग हा वेगळाच विषय आहे.

आधी एक हिशेब. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी असतो. त्यात मे महिन्यातलं ४३ अंशांचं ऊन धरलं तर, समुद्रकाठच्या २५ अंशांच्या हवेशी तुलना करता, सिलिंडरमध्ये येणाऱ्या हवेचं वजन १२ टक्क्यांच्या आसपास घटतं. म्हणजे कंपनीने पत्रकात छापलेली ताकद उन्हाळ्यात तशीही हाती लागत नाही. तीन हंगाम धूळ खाल्लेलं इंजिन असेल तर त्याहून जास्त ताकद रिंगा आणि व्हॉल्व्हमधून निसटलेली असते. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: गेलेली ताकद परत आणा, मग उष्णता बाहेर काढायची सोय करा, आणि त्यानंतरच वाढीव ताकदीला हात घाला. क्रम उलटा केला की गाडी दोन महिने छान पळते आणि ऐन फवारणीत बसते.

एक कायद्याची गोष्ट. नोंदणी असलेल्या वाहनात मूळ बनावटीपेक्षा वेगळे बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे. इथे जे सांगितलं आहे ते शेतात आणि खासगी जागेत चालणाऱ्या, रस्त्यावर न येणाऱ्या गाड्यांपुरतं.

इंजिन खोलायच्या आधी

“गाडी ओढत नाही” ही तक्रार पुष्कळदा इंजिनाची नसतेच. २२ इंची टायर काढून २४ इंची टाकले की चाकाशी मिळणारा जोर आठ-नऊ टक्क्यांनी कमी होतो. उलट, चेनच्या गाडीत पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांऐवजी १३ दात्यांचं टाकलं तर साडेसात टक्के जोर वाढतो. खर्च एका स्प्रॉकेटचा आणि फार तर चेनचा. कमाल वेग तेवढाच घटतो, पण कापसाच्या सरीतून टाकी ओढणाऱ्याला त्याचं काय? एसएई इंडियाच्या बाहा स्पर्धेत, जिथे कॉलेजचे संघ स्वतः गाडी बांधतात, वर्षानुवर्षं सगळ्या संघांना एकाच ताकदीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन आत हात न लावता वापरावं लागलं. पोरांनी फरक पाडला तो गिअरिंग आणि वजनातच. तुमची गरज एवढ्यावर भागत असेल तर इथेच थांबा.

भागत नसेल तर मोजा. कॉम्प्रेशन गेज घ्या, आणि प्लगच्या आट्यांचा ॲडॉप्टर बघून घ्या. डी८ईए जातीच्या प्लगला १२ मिमीचा लागतो, बारीक प्लगला १० मिमीचा. इंजिन गरम करा, प्लग काढा, प्लगची कॅप अर्थ करून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वर सरकायचा थांबेपर्यंत सहा-सात किका मारा किंवा सेल्फ फिरवा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग खोटं असतं. ९:१ कॉम्प्रेशनच्या (पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या नऊपट) धडधाकट इंजिनाला १५० ते १७० पीएसआय यायला हवेत, उंचीमुळे पाच-दहा कमी चालतील. १२० च्या खाली असेल तर इंजिन थकलेलं आहे. काही इंजिनांच्या कॅमवर आपोआप दाब सोडणारी यंत्रणा असते, तिथे आकडा मुळातच कमी दिसतो. त्यावरून घाबरून हेड काढू नका.

रीडिंग कमी आलं तर प्लगच्या भोकातून ५ मिली इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा किंवा बोअर गेला आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग बघा. गॅरेजात कॉम्प्रेसर असेल तर लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं यंत्र) त्याहून नेमकं सांगतो: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आणि त्यांना दाबणारे टॅपेट सैल असताना, आणून हवा भरा. १० टक्क्यांपर्यंत गळती चालते, २० च्या वर इंजिन खोलावं लागतं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. हवा भरताना गाडी गिअरमध्ये ठेवू नका आणि किकवर पाय ठेवू नका. पिस्टन जरा जरी टोकापासून सरकलेला असेल तर क्रँक झटक्यात फिरतो.

फुफाट्याचा बंदोबस्त

हे काम ताकद वाढवण्यात मोडत नाही, पण बाकी सगळं यावर उभं आहे. एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) आणि कार्बोरेटर यांच्यामधलं रबर काढा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर मातकट डाग आला म्हणजे फिल्टरला वळसा घालून धूळ आत जाते आहे. मग कितीही महागडा पिस्टन टाका, तो घासला जाणारच. वाट तीन ठिकाणी सापडते: फिल्टर बसतो ती कड, रबरी बुटाची चीर, आणि एअर बॉक्सच्या तळाचं निघून गेलेलं ड्रेनचं टोपण. कडेला ग्रीसची बारीक रेघ द्या, चिरलेला बूट बदला, त्याला सोल्युशन लावून भागवू नका.

फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवा, मग साबणाच्या पाण्यात, आणि सावलीत वाळवा. पेट्रोलने फोमच्या जोडाचा गोंद सुटतो. कॉम्प्रेसरची हवा मारली तर फोमची छिद्रं मोठी होतात. वाळल्यावर फिल्टर ऑइल लावून हातात दाबून घ्या, पिळू नका. रोज नांगरटीच्या रानात चालणाऱ्या गाडीचा फिल्टर दर आठवड्याला धुवावा लागतो. एअर बॉक्सचं झाकण काढून टाकायचं किंवा जाळीचा उघडा फिल्टर लावायचा सल्ला ज्या मुलखातून येतो तिथे काळ्या मातीचा फुफाटा नसतो. आपल्याकडे तो ऐकू नये. फार तर झाकणातली हवेची वाट उंच, सीटच्या खाली न्या.

जुना पिस्टन काय सांगतो

हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर पिस्टन फेकून देऊ नका, आधी नीट बघा. नवीन इंजिन कशाने जाणार आहे ते जुन्या पिस्टनवर लिहिलेलं असतं.

इनलेटच्या बाजूला उभ्या बारीक, दाट रेघा आणि वरची रिंग धारदार झालेली दिसली तर धूळ. चार कोपऱ्यांवर घासल्याच्या खुणा असतील तर पिस्टन एकाएकी तापून फुगला आहे: थंड इंजिन सुरू केल्याबरोबर पिळलं, किंवा क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा) कमी ठेवला. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला मोठा खरचटलेला पट्टा म्हणजे ऑइल कमी किंवा जळकं, किंवा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). माथ्याच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखे खड्डे म्हणजे नॉकिंग, मिश्रण ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप भडकणं. माथ्याच्या मधोमध वितळून खड्डा किंवा भोक पडलं असेल तर मिश्रण फार पातळ होतं, किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता लवकर किंवा उशिरा सोडणारा) होता. रिंगांच्या खाली पिस्टनच्या अंगावर तपकिरी काळा लेप असेल तर रिंगांमधून जळका वायू खाली उतरत होता. कारण सापडल्याशिवाय नवी किट बसवू नये.

याच वेळी खालचा भाग तपासा. कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा. तिथे हाताला जाणवेल असा खेळ मुळीच नको. बाजूला थोडा सरकतो ते ठीक. फिलर गेज घालून बघा, ०.६ मिमीच्या वर गेला तर क्रँक बाहेर काढून रॉड किट बदलावी लागेल. मेन बेअरिंग फिरवताना खरखर लागली तर तीही बदला, सी३ क्लिअरन्सचीच (आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक असलेली) घ्या. थकलेल्या क्रँकवर मोठा पिस्टन चढवणं म्हणजे मोडक्या बैलगाडीला ताजे बैल जुंपणं.

बोअर, पिस्टन, रिंगा

सिलिंडर बोअर गेजने तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजा. सहापैकी सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मापात ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बोअरिंग करावंच लागेल. व्हर्नियरने हे माप मिळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. ‘ओव्हरसाइझ’ पिस्टनने ताकद वाढत नाही. ०.५० ओव्हरसाइझ म्हणजे बोअर ६४ मिमी, आणि १९७ चे झाले २०० सीसी. दीड टक्का. ती दुरुस्ती आहे. खरी वाढ हवी असेल तर बोअर तीन-साडेतीन मिमीने वाढवावा लागतो: ६७ मिमीला २१९ सीसी होतात, म्हणजे ११ टक्के. पण त्यासाठी स्लीव्हमध्ये तेवढं लोखंड हवं. बोअर केल्यावर स्लीव्हची भिंत कुठेही २ मिमीच्या खाली जाणार असेल तर त्याच स्लीव्हवर बोअर करू नका. जाड स्लीव्ह घालून घ्या किंवा पूर्ण सिलिंडर किट घ्या. स्लीव्हचा खालचा गळा क्रँककेसच्या तोंडात मोकळा बसतो का, तेही आधी बघा. पातळ स्लीव्ह उन्हात आकार सोडते आणि मग रिंगा कितीही चांगल्या असोत, इंजिन ऑइल पिऊ लागतं.

पिस्टन आधी विकत घ्या आणि तो बोअरिंगवाल्याच्या हातात द्या. माप पिस्टनच्या स्कर्टवरून घ्यायचं, डब्यावर छापलेल्या आकड्यावरून नाही. साध्या ओतीव पिस्टनला या मापात ०.०३ ते ०.०५ मिमी क्लिअरन्स लागतो, फोर्ज्ड पिस्टनला ०.०६ ते ०.०८, कारण तो तापल्यावर जास्त फुगतो. पिस्टनसोबत क्लिअरन्सचा कागद आला असेल तर तोच पाळा. उन्हाळ्यात राबणाऱ्या गाडीला त्यातली वरची मर्यादा घ्या. वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड या औद्योगिक भागांत चांगली बोअरिंगची दुकानं आहेत. दुकान निवडताना दोन प्रश्न विचारा: बोअर गेजने मोजून आकडा लिहून देणार का, आणि बोअरिंगनंतर होनिंग करणार का. बोअरिंगच्या हत्याराने नुसता चकचकीत केलेला बोअर चालत नाही. २२० ते २८० ग्रिटच्या दगडाने साधारण ४५ अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या रेघा हव्यात, त्याशिवाय रिंगा बसत नाहीत.

सिलिंडर घरी आल्यावर तो गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रशने घासून धुवा. पेट्रोलने धुतलं की होनिंगची बारीक भुकटी रेघांमध्येच बसून राहते. धुतल्यावर वाळवा, ऑइलचं पांढरं फडकं फिरवा, करडं झालं तर परत धुवा. फडकं पांढरंच निघेपर्यंत हे करायचं. बोअर करून आणलेलं इंजिन हजार किलोमीटरमध्ये परत धूर सोडू लागतं त्याचं मोठं कारण हे न धुणं आहे, आणि दोष मात्र रिंगांना दिला जातो.

रिंगांचा गॅप मोजताना रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला. ६४ मिमी बोअरला वरच्या रिंगेला ०.२५ मिमी किमान आहे. आपल्या उन्हासाठी ०.३० ठेवा, दुसरीला ०.३५. कमी असेल तर बारीक कानशीने बाहेरून आत घासा. गॅप थोडा जास्त राहिला तर किंचित दाब जातो, कमी राहिला तर रिंगेची टोकं भिडून बोअर फाडतात. रिंगेवरची अक्षराची खूण वर, गॅप एकमेकांपासून १२० अंशांवर, आणि पिस्टनच्या माथ्यावर ‘आयएन’ असेल तर ती बाजू इनलेटकडे. बाण असेल तर तो एक्झॉस्टकडे. पिनच्या सर्क्लिप कधीही जुन्या वापरू नका.

कॉम्प्रेशन: हिशेब करूनच

१९७ सीसीला ९:१ कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा २४.६ सीसी. १०:१ करायला ती २१.९ वर आणावी लागते, म्हणजे जेमतेम २.७ सीसी कमी. एवढ्याने ताकद किती वाढते? कागदावर तीन टक्के. आणि त्या तीन टक्क्यांसाठी हेडचं तापमान, नॉकिंगचा धोका, किकचा जडपणा सगळंच वाढतं. हवेवर थंड होणाऱ्या, पाच किलोमीटरच्या वेगाने सरीत चालणाऱ्या इंजिनाला १०:१ च्या पुढे नेऊ नये. ११:१ चे पिस्टन बाजारात मिळतात. ते थंड हवेत सुसाट पळणाऱ्यांसाठी ठीक आहेत.

त्यातही गंमत अशी, की ६७ मिमीचा सपाट पिस्टन टाकला आणि हेड तसंच ठेवलं तरी कॉम्प्रेशन आपोआप ९.९ वर जातं: २१९ मध्ये २४.६ मिळवून २४.६ ने भागा. म्हणजे मोठा बोअर केला असेल तर हेड घासायचं कारणच उरत नाही, आणि दोन्ही मिळून जोरात १४ टक्क्यांच्या आसपास वाढ होते. हेडही घासलं आणि उंच माथ्याचा पिस्टनही टाकला, तर पहिल्या चढाला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येईल.

जागा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं सपाट ठेवा, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवा आणि २० मिलीच्या सिरिंजने रॉकेल भरा. किती गेलं ते लिहा. त्यात पॅकिंगच्या जाडीची आणि पिस्टन सिलिंडरच्या तोंडापेक्षा जेवढा खाली थांबतो तेवढी जागा मिळवा. मग जोडून बघताना पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेच्या गोळ्या ठेवा, हेड आवळा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, हेड काढून क्ले कापा. इनलेट व्हॉल्व्हखाली १.५ मिमी आणि एक्झॉस्टखाली २ मिमी जाडी किमान हवी. ओव्हरहेड कॅमच्या चेनच्या इंजिनात हेड घासलं तर चेन सैल पडून कॅमचं टायमिंगही थोडं मागे पडतं, ही वेगळी भानगड.

हेड

हेडचं काम बहुतेक जण उरकून टाकतात, आणि खरी ताकद तिथेच लपलेली असते. व्हॉल्व्हच्या दांड्या गाइडमध्ये लटपटत असतील तर गाइड आणि सील बदला. सीट कापून घ्या, इनलेटची रुंदी १ मिमी आणि एक्झॉस्टची १.२ ते १.५. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्वतःची उष्णता सीटमधूनच हेडला देतो, म्हणून ती अरुंद करायची नाही. शेवटी लॅपिंग पेस्टने हलकं घासून, धुऊन, व्हॉल्व्ह बसवा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओता. पाच मिनिटांत थेंबही उतरता कामा नये.

पोर्ट मोठे करू नका. ओतकामाच्या कडा, पॅकिंगची आत आलेली कड आणि इनलेटच्या रबरी जोडाशी असलेली पायरी तेवढी काढा. पोर्ट मोठा झाला की हवेचा वेग कमी होतो आणि खालच्या आरपीएमला गाडी ढिली पडते. शेतात आपल्याला खालचाच जोर हवा. जास्त ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या) कॅमचंही तेच. तो ताकद वर ढकलतो, रेसवाल्यांसाठी आहे. सोडून द्या.

सायलेन्सर मूळचाच ठेवा, आतला काजळीचा थर काढा, मानेचं पॅकिंग नवं घाला. ठिणगी अडवणारी जाळी काढू नका. वाळलेलं उसाचं पाचट, कडब्याची गंज, पऱ्हाट्या यांच्याजवळून जाणाऱ्या गाडीची जाळी काढण्यातून मिळणारी ताकद नगण्य आहे आणि नुकसान एका ठिणगीचं.

कार्बोरेटर, ई२० आणि बदलतं हवामान

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई२०. त्यातला काही वाटा आपल्याच उसाचा असेल, पण कार्बोरेटरला त्याचं कौतुक नाही. निव्वळ पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) इंजिन सात-आठ टक्के पातळ मिश्रणावर चालतं. त्यात बोअर वाढवला आणि जेट तसाच ठेवला तर वर सांगितलेलं पिस्टनमधलं भोक दूर नाही.

जुळवणी या क्रमाने करा. मेन जेट दोन साइझ मोठा घालून सुरुवात करा. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलवर लांब चढ चढवून बघा. गाडी अडखळत, भडभडत असेल तर मिश्रण जाड आहे, एक साइझ खाली या. थ्रॉटल किंचित कमी केल्यावर ओढ वाढत असेल तर अजून पातळ आहे, एक साइझ वर जा. मग पाव ते पाऊण थ्रॉटलसाठी सुईची क्लिप: क्लिप खाली सरकवली की सुई वर येते आणि मिश्रण जाड होतं. शेवटी पायलट स्क्रू, दीड ते दोन आटे उघडून तिथून सगळ्यात स्थिर आयडल शोधा. नेहमी जाडीकडून पातळीकडे यायचं.

प्लगचा रंग बघून जेट ठरवायची जुनी सवय ई२० वर दगा देते, कारण इथेनॉलने प्लग तसाही फिका दिसतो. सायलेन्सरच्या मानेला बुश वेल्ड करून वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) लावता आला तर उत्तम. मीटरवर हवा-इंधनाचं प्रमाण न बघता लॅम्डा (प्रत्यक्षातलं प्रमाण भागिले त्या इंधनाला नेमकं लागणारं प्रमाण) बघा, तो इंधन बदललं तरी खरा राहतो. पूर्ण लोडला ०.८६ ते ०.८८ ठेवा.

हवामानाचा सापळा मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मे महिन्याच्या दुपारी ४३ अंशांत बेताने जुळवलेला जेट डिसेंबर-जानेवारीत परभणीच्या १० अंशांच्या पहाटे पातळ पडतो. हवा जवळजवळ १२ टक्क्यांनी जड झालेली असते, पण जेटमधून येणारं इंधन त्याच्या निम्म्यानेच वाढतं. हिवाळ्यासाठी एक साइझ मोठा जेट वेगळा ठेवा आणि दिवाळीनंतर बदला. गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल रिकामा करा. इथेनॉल ओल धरतं आणि पायलट जेट बुजतो.

इग्निशनचं टायमिंग पुढे नेऊ नका. कॉम्प्रेशन वाढवलं असेल आणि चढाला खणखण येत असेल तर दोन अंश मागे घ्या, जिथे पिकअप कॉइलची प्लेट सरकवता येते तिथे. प्लग एक रेंज थंड घाला. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, म्हणजे डी८ईए च्या जागी डी९ईए. बॉशमध्ये याच्या उलट आहे, लहान आकडा थंड. गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

उष्णता आणि क्लच

वाढवलेली ताकद म्हणजे वाढलेली उष्णता. सिलिंडरच्या पंख्यांमध्ये वाळलेली काळी माती ही इंजिनाला घातलेली गोधडी आहे. इंजिन थंड झाल्यावर लाकडी काडीने आणि पाण्याने ती काढा, तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नका. ऑइल २०डब्ल्यू५०, डब्यावर जासो (जपानी ऑइल मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं. गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर कारचं ऑइल घालू नका, क्लच घसरायला लागतो. बेल्टच्या गाड्यांना ही अट नाही.

ऑइल कूलर लावायचा असेल तर इंजिनावर त्याचे मूळ पोर्ट आहेत का ते बघा. नळीचं आतलं माप ८ मिमीपेक्षा कमी नको. अरुंद नळीने कूलर लागतो आणि दाब जातो. फवारणीच्या वेगात वारा लागतच नाही, म्हणून कूलरवर १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा आणि दिवे लावलेले असताना बॅटरीचा व्होल्टेज १३.५ च्या खाली येत नाही ना ते बघा. ऑइलचं तापमान ११० अंशांपर्यंत असेल तर निश्चिंत राहा, १३० ला गाडी बंद करून सावलीत लावा.

क्लच प्लेटची जाडी मोजून शंका आली तर पूर्ण सेट आणि स्प्रिंगा बदला. नव्या प्लेटा घालण्याआधी ऑइलमध्ये रात्रभर बुडवा.

बांधणी आणि रनिंग

हेडचे ८ मिमीचे नट एकाआड एक, समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळा: आधी १०, मग १५, शेवटी २० ते २२ न्यूटन मीटर. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. हाताच्या अंदाजाने कसलं की ॲल्युमिनियमचे आटे निघतात. एखादा आधीच सैल लागत असेल तर तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालूनच पुढे जा. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना सेट करा. या वर्गात त्यांची मोकळी जागा ०.०५ ते ०.१० मिमी असते. एक्झॉस्ट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह जळतो, थोडा सैल राहिला तर नुसता वाजतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून किक मारत ऑइल वर हेडपर्यंत चढवा. मग सुरू करा, एका आरपीएमवर न ठेवता हलकं वर-खाली करत दहा मिनिटं चालवा, बंद करा, हाताला गार लागेपर्यंत थांबा. असं तीनदा. त्यानंतर गाडी चालवायला घ्या, सकाळी सहा ते नऊच्या वेळात. अर्ध्या थ्रॉटलवर ओढ द्या आणि थ्रॉटल सोडून गिअरमध्येच गाडी उतरू द्या, परत ओढ, परत सोडा. रिंगा बसायला हा दाब लागतो; नुसती हळू हळू चालवलेली गाडी बोअर चकचकीत करते आणि पुढे कायम ऑइल पिते. पहिले पाच तास पूर्ण थ्रॉटल नाही, मागे टाकी नाही, साधं मिनरल ऑइल.

पहिल्या तासानंतर ऑइल काढा आणि चाळणी बघा. बारीक चंदेरी झाक चालेल, बोटाला लागणारे कण दिसले तर पुढे चालवू नका. पाचव्या तासाला दुसरं ऑइल, टॅपेट पुन्हा, आणि थंड इंजिनावर हेडचे नट तपासा. दहाव्या तासाला कॉम्प्रेशन परत मोजा आणि आकडा तारखेसह एअर बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा. पुढे दर २५ ते ३० तासांनी ऑइल आणि त्याच वेळी टॅपेट. दर हंगामाच्या शेवटी कॉम्प्रेशन मोजून त्याच झाकणावर जुन्या आकड्याखाली नवा लिहा. १५ पीएसआयहून जास्त उतरला असेल तर आधी एअर फिल्टरची कड आणि रबरी बूट बघा.